दोघांसाठी दोन दिवस सोलापूर: पहिल्यांदा येणाऱ्यांनी कसं यायचं, काय बघायचं

सोलापुरात उतरणारं जोडपं सहसा सोलापूरसाठी आलेलंच नसतं. तुळजापूर, अक्कलकोट, पंढरपूर, जमलं तर गाणगापूर अशी यादी खिशात असते. गाडी ठरवायची, दोन दिवस रांगांत उभं राहायचं आणि रात्रीच्या गाडीनं परत. माझी धाकटी बहीण आणि तिचा नवरा नाशिकहून असेच आले होते, लग्नाला जेमतेम दोन महिने झालेले. चार देवस्थानं झाली. शेवटच्या रात्री आमच्याकडे जेवायला बसल्यावर ती म्हणाली, "ताई, तुझं गाव कसं आहे ते कळलंच नाही गं."

मला ते लागलं. मी इथे लग्न होऊन आले, पण आता हे गाव माझं आहे. पुढच्या खेपेला मी त्यांना बजावलं, देवदर्शनाला वेगळे या, या वेळी दोन दिवस फक्त सोलापूर. ते दोन दिवस जसे गेले, तसेच क्रमानं खाली लिहिते.

आधी महिना ठरवा

ऑक्टोबर ते फेब्रुवारी. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या पुढे जातो आणि दुपारी रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही. तेव्हा हौसेनं येऊ नका. डिसेंबर-जानेवारीत आलात तर हुरड्याचा हंगाम सापडतो. कोवळी ज्वारीची कणसं शेणीच्या आरावर भाजून, हातावर चोळून, शेंगाचटणीबरोबर खायची. शेत असलेल्या कुणाची ओळख असेल तर हे चुकवू नका.

जानेवारीत संक्रांतीला ग्रामदैवत सिद्धेश्वरांची, म्हणजेच सिद्धरामेश्वरांची, यात्रा असते. आम्ही तिला गड्डा म्हणतो. यात्रेची कथा एका लग्नाचीच आहे. एका कुंभाराच्या मुलीनं सिद्धरामेश्वरांशी लग्न करायचा हट्ट धरला. ते योगी, संसार करणार नव्हते. मग त्यांनी तिला आपल्या योगदंडाशी लग्न लावायची परवानगी दिली. आजही यात्रेत संमती कट्ट्यावर तो अक्षता सोहळा होतो. बाराबंदी घातलेली माणसं उंचच्या उंच सात नंदीध्वज पेलत मिरवणुकीनं येतात आणि हजारो हात एकदम अक्षता टाकतात. नव्या जोडप्यानं आयुष्यात एकदा हे बघावं असं मला मनापासून वाटतं. मात्र त्या चार-पाच दिवसांत शांतपणे फिरणं विसरा, आणि खोली महिनाभर आधी ठरवा. शांतता हवी असेल तर संक्रांत टाळून या.

कसं यायचं

मुंबईहून रात्रीची सिद्धेश्वर एक्सप्रेस सगळ्यांत सोयीची. झोपेत प्रवास होतो आणि सकाळी उतरता. मोहोळ गेलं की अंथरूण-पांघरूण आवरायला घ्या. पुण्याहून हुतात्मा एक्सप्रेस आहे. फेब्रुवारी 2023पासून मुंबई-सोलापूर वंदे भारतही धावते, पण ती रात्री पोचते, म्हणजे मुक्काम एक रात्र वाढतो. गाड्यांच्या वेळा बदलत असतात, तिकीट काढतानाच बघून घ्या.

स्वतःच्या गाडीनं पुण्याहून साधारण 250 किलोमीटर, रस्ता चांगला आहे. मोहोळ सोडल्यावर लांबोटीला थांबा आणि मक्याचा चिवडा घ्या. दोन पाकिटं घ्या, एक सोलापूर येईपर्यंत संपतं.

खोली घेताना

स्टेशनचा परिसर, सात रस्ता किंवा पार्क चौकाच्या आसपास राहा. या सगळ्या जागांहून तळं, किल्ला, बाजार रिक्षानं दहा-पंधरा मिनिटांत आहे. जुळे सोलापूर किंवा होटगी रोडला खोल्या मोकळ्याढाकळ्या मिळतात, पण दुपारी झोपायला परत यायचं असेल (आणि यायचंच आहे, पुढे सांगते) तर जवळची जागा बरी.

फोनवर तीन गोष्टी विचारा. हिशेब चोवीस तासांचा आहे की दुपारी बाराचा? सकाळच्या गाडीनं येणाऱ्याला यानं अख्ख्या दिवसाचं भाडं वाचतं किंवा जातं. गरम पाणी किती वाजेपर्यंत असतं? आणि ओळखपत्र कुठलं चालतं? दोघांचीही ओळखपत्रं लागतात. नुकतंच लग्न झालेलं असतं, तिच्या आधारवर माहेरचं नाव असतं आणि काउंटरवर उगाच अवघडल्यासारखं होतं. आधीच फोनवर सांगून टाकलं की दारात प्रश्नोत्तरं होत नाहीत. माझ्या बहिणीला पहिल्या खेपेला एका ठिकाणी अर्धा तास ताटकळावं लागलं होतं, म्हणून एवढं सांगते.

रिक्षा मीटरवर जाईल असं धरून चालू नका. बसण्याआधी भाडं ठरवा आणि पत्त्याऐवजी चौक सांगा: सात रस्ता, भैय्या चौक, पार्क चौक, मधला मारुती, कोंतम चौक. रिक्षावाले काका बोलके असतात. "कुठनं येऊलालाव?" असं विचारलं तर गोंधळू नका, कुठून येताय एवढंच विचारतायत. आणि वाक्याच्या शेवटी येणारा "बे" मनाला लावून घेऊ नका. तो इथे मायेनंही येतो.

पहिली सकाळ: तळं, देऊळ, किल्ला

आंघोळ करून साडेसात-आठपर्यंत सिद्धेश्वर मंदिरात पोचा. गावाच्या ऐन मध्यात तळं आणि तळ्याच्या पाण्यात देऊळ. बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी लोकांना हाताशी धरून हे तळं खोदलं. बसवेश्वर आणि अल्लमप्रभू यांच्या काळातले ते शरण, म्हणजे लिंगायत संत. त्यांची वचनं कन्नडमध्ये आहेत आणि त्यांचे भक्त घरी मराठी, कन्नड, तेलुगू बोलतात. त्यांनी गावाभोवती अडुसष्ट लिंगं स्थापली, अशी इथली श्रद्धा आहे. दर्शन झालं की लगेच निघू नका. पाण्याच्या कडेला बसा. सकाळच्या उन्हात पलीकडे किल्ल्याचा तट दिसतो आणि त्याची सावली पाण्यात उतरलेली असते. गाव जागं होत असतं, तिथे मात्र अर्धा तास कुणी तुम्हाला उठवत नाही.

तिथून भुईकोट किल्ला हाकेच्या अंतरावर. बहामनी काळातला, दुहेरी तटबंदीचा, भोवती खंदक. डोंगरी किल्ल्यांची सवय असलेल्यांना पहिल्यांदा तो बागेसारखा वाटतो, पण बुरुजावर चढून तळ्याकडे बघितलं की जागेचं मोल कळतं. आणि एक गोष्ट तटावर बसून एकमेकांना नक्की सांगा. निजामशाहीची राजकन्या चांदबीबी हिचं विजापूरच्या अली आदिलशहाशी लग्न झालं, तेव्हा हा किल्ला हुंडा म्हणून दिला गेला. त्याच्या आधीही एका लग्नात हा किल्ला द्यायचं कबूल झालं होतं. तो दिला गेला नाही, म्हणून दोन्ही शाह्यांत लढाया पेटल्या. एका हुंड्यापायी किती माणसं मेली असतील, हा विचार त्या भिंतींना हात लावताना माझ्या मनात दर वेळी येतो.

दहा-साडेदहापर्यंत किल्ला उरका. त्यानंतर दगड तापतात.

स्टेशनकडे परतताना भैय्या चौकात डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं स्मारक आहे. त्यांचा जन्म सोलापूरचा, 1910चा. 1938मध्ये चीनला गेलेल्या भारतीय वैद्यकीय पथकातल्या पाच डॉक्टरांपैकी ते एक. तिथेच बरोबर काम करणाऱ्या चिनी परिचारिकेशी त्यांनी लग्न केलं आणि 1942मध्ये, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, तिथेच गेले. अर्धा तास पुरतो.

दुपारचं जेवण, आणि मग झोप

सोलापूरचं जेवण म्हणजे नुसतं तिखट, असा समज करून येऊ नका. एखाद्या साध्या खानावळीत बसा आणि ज्वारीची भाकरी, भरलं वांगं, शेंगाचटणी, दही मागवा. इथली ज्वारी म्हणजे मंगळवेढ्याकडची मालदांडी, पांढरी आणि गोडसर. पुण्या-मुंबईत खाल्लेली भाकरी विसरायला लावते.

शेंगाचटणीकडे जरा निरखून बघा. भाजलेले शेंगदाणे, लसूण, लाल तिखट, जिरं आणि मीठ, एवढंच. पण ती मिक्सरमध्ये फिरवलेली नसते, कुटलेली असते. कुटता कुटता दाण्याचं तेल सुटतं आणि चटणी ओलसर होऊन तिचा गोळा बसायला लागतो. चिमटीत दाबली आणि बोटांना तेल लागलं, तर ती खरी. भुरभुरीत कोरडी पूड असेल तर पैसे देऊ नका. त्यावर दही घाला. तिखट सोसत नसेल तर दह्यात कालवूनच खा.

दुसरी खायची वस्तू कडक भाकरी. ज्वारीची किंवा बाजरीची, तीळ लावून पातळ थापलेली आणि पापडासारखी कडक केलेली. ती आठवडेच्या आठवडे टिकते. बाजार आमटी मिळाली तर कडक भाकरी तिच्यात चुरायची. बऱ्याच डाळी एकत्र शिजवून केलेली ही झणझणीत आमटी मुळात आठवडी बाजाराच्या दिवशीची. ताट पुढे ओढून, हातानं कालवून खायचं हे अन्न आहे, चमचा मागू नका. गोडात शेंगापोळी घ्या. किंवा हुग्गी मिळाली तर हुग्गी, म्हणजे गव्हाची खीर. नाव कन्नड, पण ती आमच्या सगळ्यांच्या घरची. मांसाहार करत असाल तर शीक आणि भाकरी रात्रीसाठी राखून ठेवा.

जेवण झालं की खोलीवर जा आणि झोपा. पहिल्यांदा येणारे हा वेळ फुकट गेला म्हणतात. पण सोलापूरचा दिवस सकाळी नि संध्याकाळी असतो. दुपारी एक ते चार उन्हात फिरलात तर संध्याकाळी दोघंही चिडचिडी होता, आणि सहलीतली बहुतेक भांडणं अशीच होतात.

चारनंतर: चादर

सोलापूरला येऊन चादर न घेता जाणं म्हणजे पंढरपूरला जाऊन बुक्का न लावणं. पण आधी माग बघा, मग दुकानात जा.

रिक्षा करून अशोक चौक, कन्ना चौक, साखर पेठ या भागात या. याला आम्ही पूर्व भाग म्हणतो. पिढ्यान्‌पिढ्यांपूर्वी तेलंगणातून आलेले पद्मशाली विणकर इथे वसले. दुकानांच्या पाट्यांवर तेलुगू दिसेल आणि दारात बसून बायका तेलुगूत बोलत असतील. मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि पानं. बोलता बोलता विडी वळली जाते, तिकडे नजरही जात नाही. फोटो काढण्याआधी विचारा. दिवसभर वळून मिळणारी मजुरी तुटपुंजी आहे, त्यांच्या कष्टाचा तमाशा करू नका.

गल्लीत शिरलात की यंत्रमागांचा खडखडाट ऐकू येतो. एखाद्या कारखान्याच्या दारात उभं राहून "मालक, जरा बघू का?" असं अदबीनं विचारलं तर बहुतेक ठिकाणी आत घेतात. ओढणी आणि पदर नीट खोचून घ्या, फिरत्या पट्ट्यांजवळ जाऊ नका. मागाच्या डोक्यावर जॅकार्ड असतो: भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या पत्त्यांची लांबलचक माळ. एक पत्ता पुढे सरकतो, भोकांप्रमाणे काही उभे धागे वर उचलले जातात, मधून धोटा सटकन जातो, पुढचा पत्ता येतो. एकेका ओळीनं मोराची मान उमटत जाते. माझ्या बहिणीचा नवरा कारखान्यात काम करणारा माणूस, त्याला यंत्रांचं काय कौतुक असणार, पण तो तिथे वीस मिनिटं खिळून उभा होता.

आता खरेदी. सोलापुरी चादरीला आणि टेरी टॉवेलला भौगोलिक मानांकन आहे, तरीही देशभर "सोलापुरी" म्हणून भलत्याच चादरी विकल्या जातात. घेताना असं बघा. चादर उलटी करा. नक्षी दोन्ही बाजूंनी दिसायला हवी, फक्त रंग उलटे झालेले. एकाच बाजूला नक्षी असेल तर ती छापलेली आहे. मग घडी हातावर तोला. सुती चादर हाताला भरीव लागते. चकचकीत आणि निसरडी लागली तर सूत शुद्ध नाही. शेवटी काठ बघा, धागे सुटलेले नकोत. दुकानदाराला वजन विचारा, चांगला दुकानदार वजन सांगूनच चादर दाखवतो. कारखान्यांच्या स्वतःच्या दुकानांत भाव ठरलेला असतो. चाटी गल्ली आणि नवी पेठेत घासाघीस चालते. जोडीनं आलात तर दुहेरी चादर एक आणि दोन्हीकडच्या आईवडिलांसाठी एकेरी घ्या. नॅपकिन आणि टॉवेल मापानं घ्या, इथे स्वस्त आहेत म्हणून डझनभर उचलले जातात आणि पिशवी उचलेनाशी होते.

संध्याकाळ

सामान खोलीवर टाकून पार्क चौकाकडे चालत निघा. वाटेत महापालिकेचं इंद्रभुवन आहे, आप्पासाहेब वारदांनी बांधलेला वाडा. कोरीव कामासाठी तो बाहेरून, दिवे लागल्यावर बघा. आणि चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांपाशी दोन मिनिटं थांबा. मे 1930मध्ये या गावानं इंग्रजांचा अंमल झुगारला आणि सरकारनं मार्शल लॉ पुकारला. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे यांना 12 जानेवारी 1931 रोजी येरवड्यात फाशी दिली. पुण्याहून तुम्हाला घेऊन येणाऱ्या हुतात्मा एक्सप्रेसचं नाव त्यांच्यावरून आहे. चार नावं पुन्हा वाचा. लिंगायत, मुसलमान, मारवाडी, मराठा अशी ती चौघं, आणि हे गाव आजही तसंच आहे.

पुढे पार्क मैदानाजवळ खाण्याच्या गाड्या लागतात. काय खायचं ते मी सांगत नाही, जिथे बायकापोरं उभी आहेत ती गाडी निवडा.

दुसरा दिवस: तीनपैकी एकच

बहीण तिन्ही ठिकाणी जायचं म्हणत होती. मी एकच करायला लावलं.

पक्षी, प्राणी, मोकळं माळरान आवडत असेल तर नान्नज. बार्शी रोडनं वीसेक किलोमीटर. 1979 साली माळढोकासाठी राखलेलं अभयारण्य. माळढोक दिसेल या आशेनं येऊ नका, तो आता दिसेनासाच झाला आहे आणि त्याचं दुःख या माळावर उभं राहिल्यावरच कळतं. पण काळविटांचे कळप दिसतात आणि नशीब असेल तर लांडगाही. उजाडता उजाडता पोचा, मातकट रंगाचे कपडे घाला, वनखात्याची परवानगी घेऊनच आत जा.

पावसाळ्यात आलात तर नळदुर्ग. हैदराबाद रस्त्यानं तासाभराची वाट. बोरी नदीवर आदिलशाहीत बांधलेला बंधारा आणि त्याच्या पोटात पाणीमहाल. बंधारा भरून वाहतो तेव्हा दोन धारा कोसळतात, एक नर, एक मादी. महालाच्या खिडकीत उभं राहिलं की पाणी डोळ्यांपुढून पडतं. धरण भरलंय का ते आधी चौकशी करा, कोरडं असेल तर तो आनंद नाही.

आणि वर्षातून केव्हाही, माझी पहिली पसंती, हत्तरसंग कुडल. विजापूर रोडनं साधारण चाळीस किलोमीटर, भीमा आणि सीना यांच्या संगमावर. एसटीच्या भरवशावर जाऊ नका, दिवसाची गाडी ठरवा, पाणी आणि डबा बरोबर घ्या, तिथे खायला मिळण्याचा भरवसा धरू नका. हरिहरेश्वराच्या देवळात 359 मुखं कोरलेलं शिवलिंग आहे. प्रत्येक मुख इवलंसं, कुणाचे डोळे मिटलेले, कुणाचे उघडे. बॅटरी न्या आणि वाकून बघा, घाई करू नका. शेजारी संगमेश्वराचं देऊळ. इथला शके 940चा, म्हणजे 1018 सालचा शिलालेख मराठीतल्या सर्वांत जुन्या लेखांपैकी एक. त्यात कोरलंय, "वाछि तो विजेया होईवा." वाचेल तो विजयी होईल. बहिणीनं अक्षरांवरून बोट फिरवत ते मोठ्यानं वाचलं, आणि मग नवऱ्याला म्हणाली, "आता तू वाच."

नंतर पाण्याकाठी डबा उघडा. दोन नद्यांच्या पाण्याचा रंग बऱ्याचदा वेगळा असतो, मधली रेघ दिसते का बघा. पाण्यात उतरू नका, तळ फसवा आहे.

निघताना

चारपर्यंत गावात परत या. शेंगाचटणी शेवटी घ्या, म्हणजे ताजी मिळते. डबा बरोबर असेल तर डब्यातच भरून घ्या, पिशवीतून तेल झिरपतं आणि नव्या चादरीवर डाग पडतो. कडक भाकरी दोन पुठ्ठ्यांमध्ये ठेवून दोरीनं बांधायला सांगा आणि बॅगेत न कोंबता हातात धरा. धपाटे आणि दही गाडीतल्या रात्रीच्या जेवणाला पुरेत.

घरी गेल्यावर चादर आधी वापरू नका. गार पाण्यात मूठभर खडे मीठ टाकून तासभर भिजवा, पहिल्यांदा एकटीच धुवा आणि सावलीत वाळवा. चार-पाच धुण्यांनंतर सूत फुलतं आणि ती अंगाला मऊ लागायला सुरुवात होते.